दुसरा भाग मोठा आहे, वरचढ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘टर्मिनेटर’ या इंग्रजी सिनेमाच्या दुसऱ्या भागावरचा लेख वाचला. दुसरा भाग पहिल्याला मागं टाकतो, हा निकाल लेखकानं सुरुवातीलाच दोन ओळींत लावून टाकला आणि उरलेली जागा खर्चाला अन् कॉम्प्युटरच्या करामतीला दिली. हरकत आहे ती एवढ्याचीच. मी सिनेमातला जाणकार नव्हे. आधी उद्यमनगरात प्रेस मशिनवर आणि मग शिरोलीच्या फौंड्रीत, अशी चौतीस वर्षं काढलेला माणूस. पण हे दोन्ही सिनेमे शेवटी येऊन थांबतात ते कारखान्यातच, तेव्हा चार शब्द बोलायचा माझाही हक्क पोचतो.

पहिला भाग १९८४ चा. आम्ही तो पाहिला गणपतीत, गल्लीच्या मंडळानं भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. कॅसेट इतकी झिजलेली की सगळी माणसं निळसर दिसत होती. इंग्रजी कुणाला धड येत नव्हतं, पण कुणाचं काही अडलं नाही. अर्नोल्ड श्वार्झनेगर त्यात बोलतोच किती? येतो, बघतो, मारतो आणि पुढं जातो. हॉटेलात ताटं उचलणारी सेरा नावाची साधी पोरगी, तिच्यामागं लागलेलं हे माणसाच्या रूपातलं यंत्र, आणि तिला वाचवायला भविष्यातून आलेला एक फाटका सैनिक. बस्स, एवढंच. पण पहाटे दोनला घरी जाताना बोळात कुणी पुढं व्हायला तयार नव्हतं.

दुसरा भाग १९९१ चा. तो मात्र टॉकीजमध्ये, मोठ्या पडद्यावर पाहिला. (नाव घेत नाही, पण शेवटचा शो लवकर आटपावा म्हणून त्या टॉकीजवाल्यानं मधलं एक रीळ गाळलं होतं. सेरा वेड्यांच्या इस्पितळातून एकदम वाळवंटात कशी पोचली, हे मला कित्येक वर्षांनी टीव्हीवर कळलं.) त्या सिनेमाचं कौतुक करायला मी मागं राहणार नाही. त्यातलं दुसरं, वाईट यंत्र म्हणजे पोलिसाच्या रूपातला, अंग पाऱ्यासारखं पातळ होणारा गडी. तो इस्पितळाच्या गजांतून आरपार चालत जातो, पण हातातलं पिस्तूल लोखंडाचं असल्यामुळं गजाला अडकतं. मग तो मनगट जरा वळवून ते काढून घेतो. हे ज्याला सुचलं त्याला खरंच सलाम. अंगाची करामत कॉम्प्युटरची, पण ती पटते त्या अडकलेल्या पिस्तुलामुळं. सेराचंही तसंच. पहिल्या भागात जीव मुठीत घेऊन पळणारी पोरगी दुसऱ्यात बंदूक घेऊन एका शास्त्रज्ञाच्या घरात शिरते. त्याच्या बायकोपोरासमोर त्याच्यावर नेम धरते आणि ऐन वेळी तिथंच मोडून पडते. त्या दहा मिनिटांत यंत्र तीच झालेली असते. लेखात याबद्दल अवाक्षर नाही याचं आश्चर्य वाटलं.

पण त्याच इस्पितळातला दुसरा प्रसंग आठवा. सेरा पळत येते, लिफ्टचं दार उघडतं आणि आतून अर्नोल्ड बाहेर येतो. ती पाय घसरून पडते आणि सरपटत मागं जाते. आपल्याला ठाऊक असतं की या खेपेला तो वाचवायला आलाय. तिला ठाऊक नसतं. दुसऱ्या भागातला हा सगळ्यात जबर क्षण, आणि त्यातली भीती सगळीच्या सगळी पहिल्या भागाकडून उसनी आणलेली आहे. पहिला न पाहिलेल्या माणसाला ती एक बाई पडलेली दिसेल, त्यापलीकडं काही नाही.

आता कारखान्याचं सांगतो. दुसऱ्या भागाचा शेवट पोलादाच्या कारखान्यात, वितळलेल्या रसाच्या कुंडाशी. देखणा आहे, प्रश्नच नाही. पण आमच्याकडं बिडाचं मेटल चौदाशे अंशांच्या आसपास ओततात, पोलादाचा रस त्याहून गरम. भरलेली लाडल, म्हणजे रस वाहून न्यायचं भांडं, दहा-पंधरा फुटांवरून गेली तरी तोंड भाजल्यागत होतं. इथं ही मंडळी ना ॲप्रन, ना गॉगल, कुंडाच्या वर उभी राहून निवांत निरोप घेतात. अर्नोल्ड अंगठा वर करत रसात बुडतो तेव्हा टॉकीजमध्ये आया-बाया रडल्या, आणि मी, खोटं कशाला सांगू, डोळे पुसता पुसता त्याला लाडलपासून मागं सरक म्हणत होतो.

पहिल्याचा शेवट बघा. रात्रीचा कारखाना, आत माणूस नाही. तो सैनिक एकेक बटण दाबून सगळी मशिनं सुरू करतो, कारण त्या आवाजात आणि हालचालीत आपला माग यंत्राला लागणार नाही. यंत्रापासून लपायला यंत्रांच्याच गर्दीत शिरायचं! आणि शेवटी हायड्रॉलिक प्रेस. पाय तुटलेला तो लोखंडी सांगाडा सरपटत तिच्या गळ्यापर्यंत हात पोचवतो, ती चाचपडत बटण शोधते, आणि प्रेस खाली येतो. डोळ्यातला तांबडा दिवा विझतो. ना निरोप, ना अंगठा.

मागच्या महिन्यात नातवाला बसवून हा पहिला भाग दाखवला. पोरगं चौदा वर्षांचं. आरशासमोर अर्नोल्ड स्वतःचा डोळा कापून काढतो तिथं ते खो-खो हसलं, “आजोबा, डोकं सरळसरळ रबराचं आहे की!” खरंच आहे, लपत नाही. सांगाडा चालतो तोही अडखळत, आणि जवळच्या दृश्यांत तर त्याचा वरचा अर्धा भाग एका माणसाच्या अंगावर बांधून फिरवलाय. प्रेसचा प्रसंग आला तेव्हा मात्र ते गप्प झालं. पडदा सोडून माझ्या उजव्या हाताकडं बघायला लागलं. त्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. ते कसं गेलं हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं, त्या रात्री विचारलं.

म्हणून मला पहिला भाग खरा वाटतो. त्यातलं यंत्र कुणाचं ऐकत नाही. दुसऱ्यातला अर्नोल्ड सेराच्या पोराच्या शब्दात राहतो, माणसाला मारू नको म्हटलं की गुडघ्यावर गोळी मारतो, शेवटी तर त्याला रडण्याचा अर्थही कळतो. गोष्ट गोड आहे, नातवाला तीच आवडली. पण प्रेसला ‘थांब’ म्हटल्यावर थांबलेला मी तरी पाहिलेला नाही.

राहता राहिला खर्च. पहिला भाग साधारण ६४ लाख डॉलरमध्ये झाला, दुसऱ्याला सुमारे १० कोटी लागले. दिग्दर्शक तोच, जेम्स कॅमेरॉन. दुसऱ्याला चार ऑस्कर मिळाली, तीही मेकअप, ध्वनी आणि दृश्य-करामती अशा कारागिरीच्या विभागांत. त्यात मला गैर काही वाटत नाही, कारागिरीला बक्षीस मिळालंच पाहिजे. पण जास्त सामान म्हणजे जास्त चांगलं, हे कोल्हापूरकरानं तरी पटकन मान्य करू नये. मूकपटांच्या काळातले आपले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा इथंच खटपट करून बनवला. त्यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ मूकपट केला आणि पुढं आवाज आल्यावर १९३६ मध्ये तीच गोष्ट बोलपटात पुन्हा सांगितली. आज कुणीही जाणता माणूस नाव घेतो ते पहिल्याचं.

आणखी एक. पहिल्या भागात गोष्ट स्वतःशीच येऊन मिळते. सेराचा जो फोटो तो सैनिक भविष्यातून मनात धरून आलेला असतो, तो अगदी शेवटी पेट्रोल पंपावरचं एक पोरगं काढतं. वर्तुळ पूर्ण. भविष्य बदलता येतं म्हणत दुसऱ्यानं ते वर्तुळ फोडलं, आणि एकदा फोडल्यावर २००३, २००९, २०१५, २०१९ असे आणखी चार भाग त्या भगदाडातून आत शिरले. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

आपल्या गावातल्या फिल्म सोसायटीच्या मंडळींना आपल्या पेपरमार्फत विनंती आहे, हे दोन्ही भाग एकदा एकाच दिवशी पाठोपाठ दाखवा. १०७ आणि १३७ मिनिटं, म्हणजे चार तासांचा मामला. पहिला आधी लावा, मध्ये चहाला वेळ द्या, आणि कृपा करून एकही रीळ गाळू नका.

आपला नियमित वाचक,
(निवृत्त फौंड्री सुपरवायझर)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर