महाधमनीचा फुगा

महोदय,

पित्ताशयातल्या खड्यांसाठी काकांची सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये भलतंच निघालं: पोटातली महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) ४.२ सेंटीमीटर रुंद. एरवी ती २ सेंटीमीटरच्या आसपास असते. ३ झाली की अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीला आलेला फुगा. काका म्हणाले, "दुखत तर काहीच नाही!" गोम तिथेच आहे: फुटेपर्यंत तो बहुधा दुखतच नाही.

धमनीच्या भिंतीत इलास्टिन या प्रथिनाचे लवचीक पापुद्रे असतात. प्रत्येक ठोक्याला ते ताणतात, परत जागेवर येतात. जादा ताण कोलॅजेन या दुसऱ्या, चिवट प्रथिनाचे धागे पेलतात. इलास्टिन शरीर लहानपणीच करून ठेवतं, नंतर जवळजवळ नाहीच. ते झिजलं, मधल्या थरातल्या स्नायुपेशी मेल्या, की सगळा भार कोलॅजेनवर. भिंत ताठर होते, मजबूत नव्हे. शिवाय व्यास वाढला की रक्तदाब तोच असूनही भिंतीवरचा ताण वाढतो. सायकलच्या फाटक्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर आलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आइनस्टाइन १९५५ मध्ये असाच फुगा फुटून गेले. १९४८ मध्ये सर्जन निसेन यांनी तो चक्क सेलोफेनमध्ये गुंडाळला होता!

इंग्लंडमध्ये पुरुषांना पासष्टीला यासाठी एकदा सोनोग्राफीला बोलावतात. आपल्या शिबिरांत साखर, बीपी आणि चष्म्याचा नंबर. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे मशीन शिबिरात नेणं अवघड असेल, तर ज्यांना हा धोका जास्त, त्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या साठीपुढच्यांना निदान सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. काकांनी बिडी सोडली आहे. पुढची मोजणी वर्षाने.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा