घरच्या चोर-अलार्मबाबत सूचना

दांडिया बाजारातील आपल्या सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. दिवाळीत निम्मी घरं बंद असतात, म्हणून येत्या रविवारी सकाळी 10 वाजता गच्चीवर अलार्मचं सामान एकत्र ठरवू. ज्यांना बसवायचा आहे त्यांनी दारं-खिडक्या मोजून याव्यात, मागचं दार धरून.

– दाराचा सेन्सर: चुंबक दारावर, स्विच चौकटीवर, मध्ये बोटभरही फट नको. आमचं सागवानी दार पावसाळ्यात फुगलं, नीट लागेना आणि रात्री 2 वाजता भोंगा वाजला. आधी दार रंधून घ्या.
– पीआयआर सेन्सर: साधारण 7 फूट उंचीवर, कोपऱ्यात. तो माणसासारख्या उष्ण शरीराची हालचाल टिपतो. उन्हाच्या खिडकीसमोर नको.
– बॅटरी बॅकअप हवाच.

भोंग्याची चाचणी दुपारी 1 ते 4 करू नये, वडीलधारी मंडळी झोपलेली असतात.