दोन विमानांमधील अंतराविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दोन विमाने एकमेकांच्या फार जवळ आल्याची बातमी वाचून बाबांनी विचारले, की विमानांना आकाशात वाट दाखवणाऱ्या तुझ्यासारख्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या एका चुकीवर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतील, तर तू हे काम कसे करतेस? आईने तर नोकरी बदलण्याचेच सुचवले. फोनवर याचे नीट उत्तर देता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

विमानतळाच्या परिसरात रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारणपणे किमान 3 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर आडवे अंतर, किंवा उंचीत 1000 फुटांचा फरक राखावा लागतो. यांपैकी एक जरी कायम असले तरी विमाने सुरक्षित मानली जातात. जड विमानामागून हलके विमान उतरत असेल, तर पुढच्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे अंतर आणखी वाढवतात. बातम्यांत जिला ‘थोडक्यात टळलेली टक्कर’ म्हणतात, ती पुष्कळदा या किमान मर्यादेचा भंग असते. अडीच मैल उरले तरी तो भंगच असू शकतो आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी, पण मर्यादा इतकी मोठी ठेवली आहे ती माणूस कधीतरी चुकणार हे गृहीत धरूनच.

आमची प्रत्येक महत्त्वाची सूचना वैमानिक पुन्हा उच्चारून दाखवतो आणि ती बरोबर आहे की नाही हे आम्ही ऐकायचे असते. गर्दीच्या वेळी हेच सर्वांत अवघड वाटते, कारण जे ऐकण्याची अपेक्षा असते तेच कानांना ऐकू येते. सूचना अचूक असूनही ती पाळली गेली नाही, तर काय होते हे बाबांना आठवत असेल: 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी विमानाला 14,000 आणि कझाक विमानाला 15,000 फुटांची उंची दिली होती. कझाक विमान त्याखाली उतरले, दोन्ही विमाने आदळली आणि 349 जण गेले.

मात्र मला खरी काळजी वाटते ती एकट्या पडलेल्या नियंत्रकाची. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील यूबरलिंगनजवळ दोन विमाने आदळून 71 जण मृत्युमुखी पडले, त्यांत बरीच मुले होती. तेव्हा तिथले आकाश सांभाळणाऱ्या झ्युरिचच्या नियंत्रण केंद्रात एकच नियंत्रक काम करत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता, मुख्य दूरध्वनी यंत्रणा देखभालीसाठी बंद होती, आणि हा माणूस दोन वेगवेगळ्या पडद्यांसमोर बसून उशिरा आलेले तिसरे विमानही सांभाळत होता. धोका त्याच्या लक्षात आला तेव्हा मिनिटभरही उरले नव्हते. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले, तर त्याच विमानातील टक्कररोधक यंत्र वर जा म्हणत होते. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमानही आपल्या यंत्राच्या सांगण्यानुसार खाली येत होते. अशा वेळी नियंत्रकापेक्षा यंत्राचा आदेश मोठा, हे त्यानंतर जगभर निःसंदिग्धपणे ठरले.

1991 मध्ये लॉस एंजेलिसला धावपट्टीवर उड्डाणाच्या प्रतीक्षेत उभे असलेले छोटे विमान नियंत्रिकेच्या लक्षातून निसटले आणि तिथेच दुसऱ्याला उतरण्याची परवानगी मिळाली. 35 जण दगावले. तपासाने मुख्य ठपका तिच्यावर नव्हे, तर तिची चूक पकडणारी दुसरी फळी उभी न करणाऱ्या व्यवस्थेवर ठेवला. हा निष्कर्ष मला फार न्याय्य वाटतो. चूक सांगणाऱ्याला शिक्षेचीच भीती असेल, तर पुढची चूक कोणी सांगणार नाही आणि ती दडून राहील.

म्हणून आई, मी हे काम सोडणार नाही. मात्र शेजारी दुसरा माणूस असावा, पाळी हाती देताना प्रत्येक विमानाची माहिती तोंडी सांगितली जावी आणि दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप मिळावी, यासाठी मी आग्रह धरत राहीन. रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत माझा फोन बंद असतो, तो याच कारणाने. तेव्हा काळजी न करता संध्याकाळी फोन करा.

तुमची,
मुलगी