पटावरच्या जगातील कथा

आपल्या रविवारच्या पुरवणीत, पटावरील खेळांच्या जगात घडणाऱ्या नव्या अद्भुत व विज्ञान कादंबऱ्या म्हणजे खेळाच्या खोक्याची जाहिरात, असे मत मांडणारा लेख वाचला. ते सरसकट मान्य होण्यासारखे नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, खेळाडूंनी एकेक पात्र होऊन फाशांच्या दानानुसार मिळून कथा रचण्याचा खेळ १९७४ साली आला आणि त्याच्या ‘ड्रॅगनलान्स’ या जगातील पहिली कादंबरी १९८४ साली. तेव्हापासून या प्रकारात रतीब घातल्यासारखे लेखन पुष्कळ झाले, हे खरेच. पण त्याचा दोष उसन्या जगाला कसा द्यायचा?

आपल्या पेडण्यात रात्र रात्र रंगणाऱ्या दशावतारात देव, राक्षस, नारद सारे पुराणातून आयतेच आलेले असतात, लिहिलेली संहिता बहुधा नसते, आणि तरीही ठरलेल्या कथासूत्रावर नट उभ्या उभ्या जे संवाद रचतो, त्यांवरच नाटक तरते किंवा पडते. खेळातही तेच घडते. माझा भाचा मित्रांसह सोप्यावर खेळतो, तेव्हा वीस बाजूंच्या फाशावर एक पडताच कमावलेला योद्धा पायरीवरच घसरतो आणि पुढची कथा सर्वांना तिथल्या तिथे नव्याने जुळवावी लागते. स्टीव्हन एरिक्सन यांच्या १९९९ पासूनच्या ‘मालाझान’ कादंबऱ्यांचे जगही मित्रासोबत असेच खेळताना उभे राहिले होते.

लेखात मात्र एकाही कादंबरीच्या कथानकाची वा भाषेची चर्चा नाही. पुरवणीने निदान एका कादंबरीचे सविस्तर परीक्षण छापावे, ही विनंती.

— एक वाचक, पेडणे