बेगम जान सगळ्यांना दिसते, नवाब साहेब कुणाला दिसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका गृहस्थांचं पत्र छापून आलं, की हल्ली बायकांच्या वाचन ग्रुपमध्ये उर्दू लेखिका इस्मत चुगताई वगैरेंच्या चावट कथा वाचतात आणि त्याने घरातले संस्कार बिघडतात. मी इंदिरानगरच्या अशाच एका ग्रुपमध्ये आहे आणि इस्मत आपाच्या ज्या ‘लिहाफ’वरून (म्हणजे रजई) त्यांना राग आलाय ती कथा आम्ही वाचलीय, दुपारी सगळ्यांचं आवरल्यावर, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. म्हणून हे पत्र.

या कथेबद्दल जो बोलतो तो थेट रजईवरच येतो, भिंतीवर हलणारी ती हत्तीसारखी सावली, नवाबाची बायको बेगम जान आणि तिची मालिशवाली रब्बो, रजईखाली दोघी, बास. पण कथेची सुरुवात वाचा ना. तिथे नवाब साहेब आहेत. वय झालेलं पण अत्यंत नेक म्हणून नाव, कारण त्यांच्याकडे कधी कुणी नाचणारी किंवा बाजारातली बाई आलेली दिसली नाही, स्वतः हज केलेला आणि कितीतरी लोकांनाही हज घडवून आणलेला. ही नेकी बघूनच गरीब आईबापांनी आपली मुलगी, म्हणजे बेगम जान, त्यांना दिली. आणि नवाब साहेबांनी काय केलं, तर तिला आणून घरातल्या बाकी सामानात ठेवून दिलं आणि स्वतः गोऱ्यागोमट्या, बारीक कमरेच्या तरुण पोरांच्या खर्चापाण्यात रमले. त्यांना कोण आवडतं याच्याशी माझं भांडण नाही. पण स्वतःची अब्रू झाकायला एक जिवंत मुलगी लग्न करून आणायची आणि कोंडून ठेवायची, हे त्या गृहस्थांना संस्कारात बसतं का, एवढं त्यांनी सांगावं. त्यांच्या पूर्ण पत्रात नवाबाचा एका शब्दानेही उल्लेख नाही!

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या काकू मेथी निवडत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर बाकीच्या जरा गप्प होत्या, काहीजणी हसत होत्या, तर काकूंनी विचारलं, “मग त्या नवाबाला कोणी काही बोललं का नाही?” म्हटलं नाही काकू. “वाटलंच,” म्हणाल्या, आणि मग त्यांनी जुन्या नाशकातल्या त्यांच्या सासरच्या वाड्यातली गोष्ट सांगितली. एक जाऊ होती, नवरा आठ-आठ दिवस घरी नसायचा, कुठे जातो ते सगळ्या गल्लीला माहीत, त्याला कोणी चकार शब्द विचारला नाही, आणि हिने एकदा संध्याकाळी केसात गजरा माळला तर सासू सगळ्यांसमोर म्हणाली, “कोणासाठी गं?” त्या बाईने परत कधी फूल माळलं नाही. ही गोष्ट काकूंनी इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, ती ‘लिहाफ’ ऐकून सांगितली. याला बिघडणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

एक गोष्ट मात्र मला त्या कथेत खटकते, गोष्ट सांगणाऱ्या लहान मुलीशी बेगम जान जे वागते ते. आमच्यात त्यावर बराच वाद झाला. माझं मत असं की ते खटकावं म्हणूनच लिहिलंय, कोंडलेल्या बाईला इस्मत आपाने देवी केलेलं नाही, जे होतं ते भीतीसकट मांडलंय आणि म्हणून कथा मोठी आहे.

कथा छापून आली १९४२ साली. १९४४ मध्ये कथा अश्लील आहे म्हणून इस्मत आपाला लाहोर कोर्टाचं समन्स आलं तेव्हा घरात तान्ही मुलगी होती, माफी मागून मोकळी हो म्हणून किती जणांनी सांगितलं पण बाईने माफी मागितली नाही. त्याच सुमाराला उर्दू लेखक मंटोवरही ‘बू’ या कथेसाठी खटला चालू होता. कोर्टात साक्षीदारांना नेमकं काय अश्लील ते दाखवता येईना, शेवटी खटला निकालात निघाला. पण आयुष्यभर लोकांनी तिला त्या एका कथेवरूनच ओळखलं, १९९१ ला मुंबईत जाईपर्यंत.

आणि तिच्याही आधी उर्दू लेखिका डॉक्टर रशीद जहाँ. ‘अंगारे’ नावाचं उर्दू कथांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं, लिहिणारे तीन पुरुष आणि ही एक बाई, १९३३ मध्ये सरकारने जप्त केलं. त्यातली तिची ‘दिल्ली की सैर’ वाचाल तर वाटेल यात जप्त करण्यासारखं काय आहे, दोन-तीन पानांची तर गोष्ट. नवरा बायकोला दिल्ली दाखवायला नेतो, स्टेशनावर सामानाजवळ बुरख्यात बसवून मित्राबरोबर निघून जातो, येणारेजाणारे पुरुष तिला बघत राहतात आणि ती बसल्या जागेवरून जेवढी दिसेल तेवढी दिल्ली बघते. अशी सैर आमच्यापैकी प्रत्येकीने केलीय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “त्यांच्यात असंच असतं हो,” म्हणजे मुसलमानांच्यात. हे मला सहन होत नाही. ज्या १९३३ मध्ये ‘अंगारे’ जप्त झालं त्याच वर्षी मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि शिकलेल्या, कमावत्या मुलींनाही मन आणि शरीर असतं एवढंच लिहिलं म्हणून केवढा गदारोळ झाला, लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड राहावं लागलं. मग आपल्यात काय वेगळं होतं? आणि ‘उतरन’ ही उर्दू कथा लिहिणारी वाजिदा तबस्सुम तर आपल्या अमरावतीत जन्मलेली. तिची चमकी, आयाची पोर, जन्मभर शहजादी पाशाचे उतरलेले कपडे घालते आणि लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाकडे जाऊन हिशोब चुकता करते. लोक टाळ्या वाजवतात, मला मात्र चमकीसाठी वाईट वाटतं, की हवं ते मागायला तिच्याकडे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

संपादक साहेब, एक विनंती आहे. ८ मार्चच्या पुरवणीत बायकांचे फोटो आणि रेसिपी छापता त्याऐवजी यातली एखादी कथा मराठीत पूर्ण छापा. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव आहे, तिथे घराघरात उर्दू वाचणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून मूळ कथा ऐकायची आमची खूप इच्छा आहे, कोणी येणार असेल तर तुमच्यामार्फत कळवा, गाडीभाडं आम्ही वर्गणी काढून देऊ.

त्या गृहस्थांनाही निरोप द्या. पुढच्या वेळी आम्ही इस्मत चुगताईंचीच ‘गेंदा’ वाचणार आहोत, घरात काम करणाऱ्या कोवळ्या विधवा पोरीची गोष्ट, जिच्या पदरात मूल येतं आणि मालकांच्या मुलाला दिल्लीला पाठवून दिलं जातं. त्यांनी यावं, घरच्या सुनामुलींनाही आणावं, आणि वाचून झालं की काय अश्लील वाटलं ते आमच्यासमोर सांगावं, आम्ही शेवटपर्यंत ऐकून घेऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक