लेथच्या पट्ट्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. जुनं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घरी आणलंस, छान केलंस. पण नवा अखंड (विनाजोड) पट्टा चढवायला स्पिंडल, म्हणजे पुली बसवलेला फिरता दांडा, बाहेर काढायचं म्हणतोस, ते मला पटत नाही. इतकी वर्षं एकमेकांवर फिरून बसलेलं स्पिंडल आणि बेअरिंग एका पट्ट्यापायी कशाला हलवायचं? पट्टा पुलीवरून ओवून घे आणि मशीनवरच जोड.

जुन्या पट्ट्यावरून माप घेऊ नकोस, तो ताणलेला असणार. पुढे ताण द्यायला वाव राहील अशी मोटर सरकव आणि पुल्यांवरून कापडी टेप फिरव. स्टेप पुल्या (वेग बदलायला लहानमोठ्या पायऱ्या असलेल्या) अशाच बनवलेल्या असतात की एका जोडीवर बसलेला पट्टा बाकीच्या जोड्यांवरही बसतो, त्यामुळे एकदाच मोजलंस तरी चालेल.

आता जोड. क्लिपा आणि मधली पिन हा झटपट उपाय, पुन्हा उघडताही येतो. पण क्लिप पुलीवर आली की दर फेरीला टक्‌ वाजतं, आणि फिनिश कट, म्हणजे शेवटचा हलका काप, घेताना तो धक्का कधीकधी जॉबवर (कातत असलेल्या तुकड्यावर) उमटतो. म्हणून मला चिकटवलेला सांधा आवडतो. दोन्ही टोकं तिरकी तासून पातळ कर, सांध्यापुरती लांबी जास्त धर आणि घाई न करता दाबून ठेव. क्लिपा लावल्यास तर टोकं गुण्या लावूनच काप; काप तिरका गेला की पट्टा एका बाजूला पळतो. चामड्याचा असेल तर गुळगुळीत, केसांकडची बाजू पुलीकडे ठेव. उलटं वाटेल, पण पकड तीच चांगली देते. चामडं नाही मिळालं तर मोटारीच्या इंजिनाचा रिबवाला (लांबीत उभ्या रेघा असलेला) पट्टा कापून, रिब बाहेर ठेवून लाव. दिसायला विजोड, चालायला झकास!

पुलीचा माथा मध्ये किंचित फुगीर दिसेल. झिजलाय समजून तो कानशीने सपाट करू नकोस! पट्टा फुगवट्याकडे चढतो, म्हणूनच तर मध्यावर राहतो.

पट्टा घसरला तर राळ लावू नकोस, ती पुढे चकाकी धरते आणि पट्टा आणखी घसरतो. आधी तेल पुसून काढ. ताण वाढवत नेलास तर भार बेअरिंगवर येतो, म्हणून जड कटला बॅकगिअर (वेग कमी करून जोर वाढवणारे दाते) वापर. आणि टूल अडकलं तर पट्ट्याने घसरावंच, गिअरचे दात तरी वाचतात.

मोटरचा प्लग काढून, हाताने फिरवून बघ आधी. पुलीची रुंदी कळव, माझ्याकडे चामड्याचा एक चांगला तुकडा पडून आहे. पुरत असेल तर पाठवतो.

तुझाच