सई, काकांचं बोलणं ऐकून हे लिहितेय

सई बाळा,

परवा पॉटलकला काका लोक म्हणत होते ना, बरं झालं 2023 मध्ये इथल्या, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रेस म्हणजे वंश बघून कॉलेजात अ‍ॅडमिशन देणं बंद केलं, आता आपल्या मुलांना न्याय मिळेल. तू नुसतं ऐकत होतीस, म्हणून लिहितेय.

तो निकाल ज्यात लागला त्या हार्वर्ड युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये जे बाहेर आलं त्याचा मलाही संताप आला. तिथे प्रत्येक अर्जाला पर्सनल रेटिंग द्यायचे, म्हणजे स्वभाव, धाडस, माणुसकी असल्या गोष्टींचे मार्क, आणि त्यात आशियाई मुलं सरासरीने सगळ्यात खाली. ज्या माजी विद्यार्थ्यांनी समोर बसवून इंटरव्ह्यू घेतले त्यांनी यांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीने मार्क दिले होते, कमी दिले ते अ‍ॅडमिशन ऑफिसातल्या लोकांनी, ज्यांनी बहुतेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं! हा सरळ सरळ अन्याय होता.

पण आपल्या मुलांची जागा काळ्या मुलांनी खाल्ली हे मला नाही पटत. त्याच केसमधल्या आकड्यांत दिसलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्के एकतर खेळाडू होते, नाहीतर तिथेच शिकलेल्यांची, प्राध्यापकांची किंवा डीनच्या खास यादीतली मुलं. त्याला कोर्टाने हात लावला नाही आणि काकाही त्यावर बोलत नाहीत.

आणि आपण इथे आलो कसे? काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन 1964 चा सिव्हिल राइट्स कायदा मिळवला, त्याच लाटेत पुढच्या वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला, त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला 100 जणांचा. त्यांच्या वस्त्यांवर नकाशात लाल रेघा मारून बँका घरासाठी कर्ज द्यायच्या नाहीत, आणि इथे शाळेचा पैसा बराचसा घरांच्या टॅक्समधून येतो, म्हणजे शाळाही कंगाल. तुला चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट मिळालं, एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेचे क्लास मिळाले.

हां, काळ्या डॉक्टरच्या मुलाला आणि डेट्रॉइटच्या गरीब काळ्या पोराला एकच फायदा हे मला खटकायचं, घरचं उत्पन्न जास्त बघायला हवं होतं. पण बंदीनंतर पहिल्याच बॅचला एमआयटीत काळी मुलं सरासरी 13 टक्क्यांवरून 5 वर आली, आशियाई 41 वरून 47. यात आनंद कसला मानायचा ग?

ती अ‍ॅडमिशनची कन्सल्टंट म्हणाली ना, अर्जाच्या एसेमधून, म्हणजे निबंधातून, ढोल पथकाचं काढून टाक, फार इंडियन वाटतं, अजिबात काढून टाकू नकोस. रेसचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते एसेमध्ये लिहिता येतं, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी त्या निकालातच म्हटलंय. ड्राफ्ट शनिवारपर्यंत पाठव, मी आणि बाबा वाचतो.

आई